डर्ट बाईकला नंबर मिळेल का?

प्रश्न: मी पाटण तालुक्यात राहतो. वय २४, उंची ५ फूट ६ इंच, वजन ६२ किलो. कामासाठी रोज कराडला जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर होतात. रविवारी पवनचक्क्यांच्या पठारावर, पाणंदीच्या रस्त्यांवर गाडी घालायची हौस आहे. पुण्यात एक जण कावासाकी केएक्स २५० एफ ही डर्ट बाईक, म्हणजे मातीतल्या शर्यतीची गाडी, १ लाख ७० हजारांना देतोय. गाडी कडक आहे, पण आरसी नाही. कस्टमचा कागद आणि दुकानाचं बिल आहे. तो म्हणतो, हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, आरसे बसवले की पासिंग होतं, एजंट त्याच्या ओळखीचा आहे. युट्यूबवरही लोक असं करताना दिसतात. घ्यावी का? नाही घेतली तर दोन लाखांत दुसरं काय बघू? — एक वाचक, पाटण

उत्तर: घेऊ नका. टोकनही देऊ नका. ही गाडी भारतात रस्त्यावर कायदेशीर होऊ शकत नाही. लाइटचा किट स्वस्त घ्या की महाग, त्याने फरक पडत नाही.

युट्यूबवर तुम्ही बघितलंत ते खोटं नाही, पण ते बहुतेक अमेरिकेतलं असतं. अ‍ॅरिझोनासारख्या राज्यांत मालक स्वतः लाइट, हॉर्न, आरसा लावून, ठरलेली कागदपत्रं भरून ऑफ-रोड गाडीला रस्त्याचा नंबर घेऊ शकतो. आपल्याकडे तपासणी होते ती मॉडेलची. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ प्रमाणे उत्पादकाने किंवा आयातदाराने त्या मॉडेलचा नमुना पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा संस्थेकडून तपासून घ्यायचा असतो. ब्रेक, आवाज, धूर, दिवे सगळं त्यात येतं. ते प्रमाणपत्र असेल तरच कंपनी प्रत्येक गाडीबरोबर फॉर्म २२, म्हणजे गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला देते, आणि विक्रेता फॉर्म २१, म्हणजे विक्री प्रमाणपत्र. हे दोन्ही लावून फॉर्म २० भरला की नोंदणी होते. केएक्स ही शर्यतीसाठी बनवलेली गाडी. तिला फॉर्म २२ कधी मिळालेलाच नाही. कस्टमचा कागद एवढंच सांगतो की आयात शुल्क भरलं. आरटीओतल्या माणसाची कितीही इच्छा असली तरी नोंदणीच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत निवडायला ते मॉडेलच नसतं.

मग 'ओळखीचा एजंट' काय करणार? करण्यासारखं एकच उरतं, भंगारातल्या दुसऱ्या गाडीची कागदं. जुन्या गाडीचं आरसी बुक घ्यायचं, तिचा नंबर या गाडीला लावायचा, आणि फारच 'पक्कं' करायचं असेल तर चासी नंबर घासून नवा ठोकायचा. हे पासिंग नव्हे, बनावटगिरी आहे. पकडली गेली तर गाडी जाते आणि गुन्हा दाखल होतो तो ताब्यात गाडी असलेल्यावर, म्हणजे तुमच्यावर. विकणारा तोवर फोन नंबर बदलून बसलेला असतो.

विनानोंदणी चालवली तर काय होतं, तेही आकड्यांत बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९२: पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर १०,००० पर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी जप्त होते ती वेगळीच, आणि सोडवून आणायला कागद लागतात, जे नाहीत. पण खरी भीती दंडाची नाही. नंबर नाही म्हणून विमा नाही. कराड-चिपळूण रस्त्यावर कुणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या घरातून जाते. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणणं हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या एका निकालात म्हटलेलं आहे. तिथे गाडीची तात्पुरती नोंदणी फक्त संपलेली होती. तुमच्या गाडीला ती कधी नव्हतीच.

समजा कायदा बाजूला ठेवला, तरी रोज सत्तर किलोमीटरला ही गाडी चुकीची आहे. सीट जमिनीपासून साधारण ९४५ मिमी. तुमच्या उंचीला एका पायाचा चवडा जेमतेम टेकेल. टाकी सहा-सात लिटरची. बॅटरी नाही, किक मारूनच चालू करायची, आणि वीज तयार होते ती इंजेक्शन आणि ठिणगीपुरती, हेडलाइटला पुरेल अशी नाही. कॉम्प्रेशन १३ च्या वर, म्हणून साध्या पेट्रोलवर ठोके मारायची शक्यता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: शर्यतीच्या इंजिनाची देखभाल किलोमीटरवर नाही, तासांवर होते. ऑइल काही तासांनी, पिस्टन काही डझन तासांनी. जेमतेम लिटरभर ऑइल, हलका पिस्टन, आणि एका वेगाने तासभर सलग पळायची सवय नसलेलं इंजिन. तुमचा रोजचा प्रवास दोन तासांचा धरला तर ऑइल आठवड्याला आणि पिस्टन महिन्या-दीड महिन्याने, असा हिशेब निघतो. मागच्या हबमध्ये रस्त्याच्या गाडीसारखे रबराचे डॅम्परही नसतात, त्यामुळे डांबरावर सगळे झटके गिअरबॉक्स आणि चेन खातात.

कुंपणातल्या ट्रॅकवर चालवायला केएक्स घेणं हा वेगळा विषय. फक्त बंदिस्त आवारात वापरायला बनवलेली खास वाहनं कायद्यातल्या 'मोटार वाहन' या व्याख्येतून वगळलेली आहेत. गाडी पिकअपमध्ये टाकून न्यायची, तिथेच उतरवायची, तिथेच चढवायची. गावाबाहेरचं पठार म्हणजे बंदिस्त आवार नव्हे, एवढं लक्षात असू द्या.

आता दोन लाखांत काय घ्यायचं ते बघू. रोजचा डांबरी प्रवास आणि रविवारची माती, दोन्ही एकाच गाडीत पाहिजे, तर मुळातच नंबर असलेली, पुढे २१ इंची आणि मागे १८ किंवा १७ इंची तारांचं चाक असलेली गाडी घ्यायची आणि ती मातीसाठी तयार करायची. तारांचं चाक मुद्दाम सांगतो. अलॉय दगडावर आपटलं की चिरतं, तारांचं वाकतं, आणि वाकलेलं तालुक्याच्या गावात कुणीही सरळ करून देतो.

तुमच्यासाठी पहिली पसंती हीरो एक्सपल्स २०० ४व्ही, सेकंडहँड, दोन-तीन वर्षं चाललेली. १९९.६ सीसी, ताकद १९ पीएस, वजन १५८-१५९ किलो, सीट ८२५ मिमी, गाडीच्या पोटाखाली मोकळी जागा २२० मिमी, सस्पेन्शनचा प्रवास (चाक वर-खाली किती हलतं तो) पुढे १९० आणि मागे १७० मिमी. ताकद कमी आहे, हे खरं. महामार्गावर नव्वदच्या पुढे ती धाप टाकते. पण सुटे भाग तालुक्याला मिळतात आणि पडली तर एकट्याने उचलता येते. पठारावर एकटे जाणार असाल तर हाच निकष पहिला, पीएस नंतर. याच गाडीची 'रॅली एडिशन' आणि नंतरची 'प्रो' कंपनीतूनच २५० आणि २२० मिमी प्रवासाचं सस्पेन्शन घेऊन येते. उंची कारखान्यातूनच मंजूर असल्याने बदलाचा प्रश्न येत नाही. पण सीट ८८५ मिमीच्या पुढे जाते. तुम्हाला ती घ्यायची असेल तर आधी उतारावर, डाव्या पायावर गाडी तोलून उभे राहून बघा. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर उंचीचा अंदाज येत नाही.

एक्सपल्स २१०, २०२५ मध्ये आलेली, पाण्याने थंड होणारं इंजिन, २४.६ पीएस. कराडच्या रोजच्या रस्त्याला ती नक्कीच जास्त आरामाची. सीट ८३० मिमी, वजन १७० किलोच्या आसपास. नवी घेतली तर रस्त्यावर येईपर्यंत तुमचे दोन लाख तिच्यातच संपतात आणि बूट-टायरला काही उरत नाही. कावासाकी केएलएक्स २३० मातीत या सगळ्यांत सरस. १३९ किलो, पण सीट ८८० मिमी आणि किंमत तुमच्या बजेटच्या काठावर. इथे एक सापळा आहे: केएलएक्स २३० ला नंबर मिळतो, तर केएलएक्स २३० आर म्हणून विकली जाते ती बिनदिव्याची, नोंदणी न होणारी गाडी. सेकंडहँडच्या जाहिरातीत ते एक अक्षर सोयीने गाळलेलं असू शकतं. हेडलाइटच्या जागी नुसती शर्यतीचा नंबर लिहायची पाटी दिसली की विषय संपला.

रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ स्वस्तात मिळेल, सीट ८०० मिमी म्हणजे तुम्हाला सोपी. पण १९९ किलो. पाणंदीच्या चिखलात आडवी झाली तर दोन माणसं लागतात. हीरो इम्पल्स १५० चांगली गाडी होती, पण २०११ ची रचना आणि उत्पादन कधीच बंद. रोजच्या वापराला नको. केटीएम ३९० एन्ड्युरो आर आणि हिमालयन ४५० बजेटबाहेर, त्यातून २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या दुचाकीला ४० टक्के जीएसटी आणि त्याखाली १८, त्यामुळे ही दरी आणखी रुंदावलीय.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा गाडीआधी कागद बघा. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालकाचं नाव, विमा, कर्जाचा बोजा, नोंदणीचा प्रकार तपासा, आणि महाट्रॅफिकवर थकलेली ई-चलानं. हँडलच्या खाली, चासीच्या मानेवर कोरलेला नंबर आरसीशी एकेक अक्षर जुळवा. अंगठा फिरवा. घासून ठोकलेला असेल तर पृष्ठभाग बोटाला खोलगट लागतो आणि अक्षरांची ओळ किंचित हलते. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गोव्याहून स्वस्तात आलेल्या एक्सपल्स आणि हिमालयन बाजारात दिसतात, त्यांतल्या काही भाड्याच्या असतात. काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असली तर ती व्यावसायिक नोंदणी आहे. तिचा प्रकार बदलून घेणं, फॉर्म २८ ची एनओसी, फॉर्म २७, महाराष्ट्राचा कर, एवढं सगळं तुमच्या माथी येतं. वाचलेले पंधरा हजार तिथेच जातात. आपल्याच राज्यातली गाडी असेल तर नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, आरसी, विमा, पीयूसी, एवढ्यात तुमचं काम कराडला होतं. विम्याची पॉलिसी चौदा दिवसांत नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

गाडी तपासताना ओरखड्यांकडे दुर्लक्ष करा, ते असणारच. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर खटकन अडकल्यासारखं झालं तर मानेचे बेअरिंग गेले. पान्याने प्रत्येक तारेवर टिचकी मारा: ताणलेली तार खणखणते, ढिली बद्द वाजते. मागचं चाक धरून आडवं हलवा, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) खेळ कळतो. मग एअर फिल्टरचं झाकण उघडायला लावा. फिल्टरच्या आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला बारीक लाल धूळ बसलेली दिसली तर ती गाडी सोडा. ती धूळ सिलिंडरमध्ये जाऊन आलीय. अशा इंजिनाच्या रिंगा घासलेल्या असतात आणि थंड असताना ते निळसर धूर टाकतं. म्हणूनच मालकाला आधी फोन करून सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गरम करून ठेवलेली सापडली तर कारण विचारा.

गाडी घेतल्यावर बदल काय करायचे, तर कायद्याची रेघ आधी ओळखा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. दंड कलम १८२-अ खाली, प्रत्येक बदलाला ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसरं इंजिन, कापलेली चासी, बदललेला रंग विनापरवानगी, हे सगळं रेघेपलीकडे. त्याच मापाचे टायर, हँडगार्ड, बॅश प्लेट (इंजिनाखालची ढाल), सस्पेन्शनची जुळणी यावर सहसा कुणी बोट ठेवत नाही, कारण आरसीवरचं काही बदलत नाही. सायलेन्सरला मात्र हात लावू नका. कलम १९०(२) खाली आवाज आणि धुरासाठी १०,००० पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्सवर बंदी येऊ शकते. शिवाय बीएस ६ गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला की पीयूसी अडतं आणि थ्रॉटल सोडताना फटफट सुरू होते. मिळतं काय? दीड-दोन किलो वजन कमी आणि गावभर आवाज. पठारावर त्या आवाजाने गुराखी वैतागतात आणि मग रस्ताच बंद होतो.

मागचा मडगार्ड कापून 'टेल टायडी', म्हणजे नंबरपाटीचा आखूड ब्रॅकेट, लावायची फॅशन आहे. ते टाळा. पक्क्या लॉकने बसवलेली एचएसआरपी पाटी जागेवर राहिली पाहिजे. साडीगार्ड आणि मागच्याने धरायची कडी नियम १२३ मध्ये येतात, तीही ठेवा. आरसे मातीत मोडतात म्हणून काढून ठेवण्यापेक्षा गोळीच्या सांध्याचे, दुमडणारे बसवा. इंडिकेटर रबरी दांड्याचे घ्या. जादा एलईडी लावणार असाल तर समोर झोत टाकणाऱ्या स्पॉटलाइटवर नियम १११ ची बंदी आहे. कमी वॅटचे, खाली वळवलेले, रिले आणि फ्यूज टाकून बसवा आणि डांबरी रस्त्यावर बंद ठेवा. हेडलाइटच्या वायरला थेट जोड मारू नका. जोडाच्या जागी तांबं हिरवं पडतं आणि पहिल्या पावसात हेडलाइटच जातो.

आता पैसे खर्च करायची खरी जागा म्हणजे टायर. गाडीबरोबर येणारे टायर सुक्या मुरमावर ठीक, पण ओल्या लाल मातीत गुळगुळीत होतात. रोज सत्तर किलोमीटर डांबर असल्यामुळे पूर्ण खुंट्यांचे टायर घेऊ नका. ते काही हजार किलोमीटरमध्ये मधोमध झिजतात आणि ओल्या डांबरावर ब्रेकला दगा देतात. निम्मे-निम्मे वापराचे, पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८ या मूळ मापाचेच घ्या. मागचा रुंद घेतला की दिसतो भारी, पण रिमवर त्याचे खांदे चिमटतात आणि चेनला घासायची भीती राहते. बाजूच्या भिंतीवर 'महामार्गासाठी नाही' या अर्थाची इंग्रजी खूण असेल तर तो शर्यतीचा टायर, दुकानातच ठेवा.

हवेचा दाब: रस्त्यावर कंपनीच्या पाटीवर असेल तेवढा. मातीवर पुढे १८ ते २० पीएसआय, मागे २० ते २२. वाळूचे व्हिडिओ बघून लोक दहा-बारावर नेतात. आपल्या सह्याद्रीत वाळू नाही, धारदार बेसॉल्ट आहे. दगडावर आपटला की टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. त्यापेक्षाही वाईट म्हणजे कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूब बरोबर ओढली जाते आणि वॉल्व्ह मुळातून फाटतो. तो पंक्चर निघत नाही. यासाठी एक बारीक सवय लावा: वॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळू नका, वर टोपीला भिडवून ठेवा. ट्यूब सरकायला लागली की वॉल्व्ह तिरका झालेला दिसतो, आणि फाटायच्या आधी हवा सोडून सरळ करता येतो. नट आवळलेला असला तर ही खूण मिळतच नाही. बरोबर एकच जादा ट्यूब न्यायची तर २१ इंचाची न्या. वेळ पडली तर ती मागच्या चाकात कोंबून घरी येता येतं, उलट जमत नाही.

दुसरी गोष्ट फुकटची आहे, आणि तीच लोक करत नाहीत: मागच्या सस्पेन्शनचा सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने ते किती दबतं ते मोजणं. गाडी उभी धरून मागचं चाक जमिनीपासून उचला. चाकाच्या धुरीपासून वर सीटखालच्या एका खुणेपर्यंत उभं अंतर मोजा. मग चाक टेकवून, बूट-हेल्मेट घालून तुम्ही फुटरेस्टवर वजन टाकून बसा आणि दुसऱ्याने तेच अंतर मोजावं. फरक एकूण प्रवासाच्या तीस टक्क्यांच्या आसपास पाहिजे, म्हणजे १७० मिमी प्रवासाला पन्नासेक मिमी. साठ-पासष्ट भरला तर प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) एकेक घर वाढवा, चाळीसच्या खाली आला तर कमी करा. तुमचं वजन ६२ किलो आहे, त्यामुळे आधीच्या मालकाने मागे माणूस बसवायला प्रीलोड वाढवून ठेवला असेल तर गाडी खड्ड्यात उड्या मारेल आणि तुम्हाला वाटेल सस्पेन्शन कडक आहे, बदलायला पाहिजे. प्रीलोड कमी केला की सीटही सेंटिमीटरभर खाली येते. सीटचा फोम कापण्याआधी हे करून बघा.

उभं राहून चालवता यावं म्हणून हँडल वर घ्यायचं असेल तर २० ते २५ मिमीचे रायझर (हँडलखाली बसवायचे ठोकळे) पुरतात. बसवल्यावर इंजिन आयडलवर ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. आवाज वाढला तर थ्रॉटलची केबल ओढली जातेय. तशीच रस्त्यावर काढू नका, यू-वळणात गाडी स्वतःहून पळेल. पुढच्या ब्रेकची नळीही तिथेच बघा. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प इतके घट्ट नसावेत की पडल्यावर लिव्हर फिरायच्या ऐवजी मोडेल. हाताने जोर लावून फिरेल एवढेच आवळा. हँडगार्ड आतून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असलेले घ्या, नुसतं प्लॅस्टिक फक्त वारा अडवतं. बॅश प्लेट घेताना ऑइल काढायच्या बोल्टसमोर भोक आहे का बघा, आणि चिखलातून आलात की प्लेट आणि इंजिनाच्या मधला चिखल पाण्याने काढा. वाळला की इंजिन घोंगडी पांघरल्यासारखं तापतं.

पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दाताने लहान केलं तर चढावर फरक जाणवतो. तेराचं बारा केलं की साधारण आठ टक्के ओढ वाढते, आणि तेवढीच कराडच्या रस्त्यावर इंजिनाची किरकिर. तुमचा बहुतेक प्रवास डांबरी, म्हणून सुचवणार नाही. फोर्कचं, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या नळीचं, सील गळायला लागलं तर लगेच बदलायची घाई नको. जुन्या एक्स-रेची पट्टी कापून टोकाला छोटा आकडा करा, धूळसील खाली सरकवून ती पट्टी नळी आणि सीलच्या मधे घालून एक फेरा फिरवा. अडकलेला मातीचा कण बाहेर येतो आणि बऱ्याचदा गळती थांबते. कागदी एअर फिल्टर धुवायचा नाही, बदलायचा. पठारावर धुळीत चालवता म्हणून कंपनीच्या मुदतीच्या निम्म्यावर.

पैशांची वाटणी साधारण अशी बसते: गाडी सव्वा लाखाच्या आत, नाव बदलणं आणि विमा सात-आठ हजार, टायर-ट्यूब नऊ-दहा हजार, बॅश प्लेट आणि हँडगार्ड सहा हजार, चेन-ऑइल-बेअरिंगची पहिली डागडुजी पाच-सात हजार. उरलेल्यात अंगावरचं सामान, आणि त्यात पहिले बूट. मातीत वेग कमी असतो, पण गाडी पायावरच पडते. घोट्याच्या वर जाणारे, कडक नडगीचे ऑफ-रोड बूट बारा-पंधरा हजारांपासून मिळतात. गुडघ्याचे गार्ड त्यानंतर. हेल्मेट आयएसआय खुणेचंच, पुढे टोपीसारखं शिंग असलेलं घेतलं तरी.

कुठे चालवायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तुमच्या तालुक्यात तो महत्त्वाचा आहे. कोयना अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. तिथे विनापरवाना शिरलात तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो, आणि गाडीला नंबर असला तरी ती जप्त होऊ शकते. पवनचक्क्यांचे मुरमाचे रस्ते बरेचसे कंपन्यांनी खाजगी वापरासाठी केलेले असतात. फाटकावर विचारून जा, बहुधा सोडतात. पाणंदीतून जाताना पिकाच्या बांधावर चाक घालू नका, आणि पावसाळ्यात ओल्या सड्यावरचं गवत तुडवू नका, त्या पातळ मातीत चाकोरी पडली की वर्षानुवर्षं भरत नाही.

पुण्याच्या त्या माणसाला आज एवढंच विचारा: "फॉर्म २२ आहे का?" आणि एक्सपल्स बघायला जाल त्या मालकाला, गाडीवर बोजा आहे का. दोन्ही उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा. बोजा नसेल आणि एमपरिवहनवर नाव जुळलं, तर गाडी न तापवता ठेवायला सांगून रविवारी सकाळी लवकर जा.